खिडकीकडे पाठ

४ फेब्रुवारी, रविवार

एक्स-रेवाले काका म्हणाले, वही ठेव. प्रत्येक फोटोमागे चार ओळी लिहायच्या: उजेड कुठून होता, कॅमेऱ्याचं भोक किती उघडलं, किती वेळ उघडलं आणि काय बिघडलं. "चौथी ओळ लांबत जाईल, पानं जास्तीची असू देत," असंही म्हणाले. सातवीनंतर पेन मी सहीपुरतंच धरलंय. अक्षर वाट चुकलेल्या मुंग्यांसारखं येतंय, पण कुणाला दाखवायचंय?

मी हॉस्पिटलच्या धुलाईत कामाला आहे, तळघरात. चार मोठी मशीन, चादरींचा एक लांब रोलर, आणि भिंतीत अगदी वर तीन झरोके. त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. काका दुसऱ्या मजल्यावर एक्स-रे काढतात. तरुणपणी लोकांचे फोटो काढायचे, मग म्हणे हाडांकडे वळले, कारण हाडं तक्रार करत नाहीत.

बेत असा आहे. मार्चअखेर इथला करार संपतो. घरी जायचं आणि पुढच्या खोलीत स्टुडिओ टाकायचा. नुसते पासपोर्टचे फोटो नाहीत, माणसाचा चेहरा नीट बघून काढलेला फोटो. पहिला आईचा. मोठा करून दारासमोरच्या भिंतीवर लावायचा, म्हणजे येणाऱ्याला कळेल इथे काय मिळतं. आई म्हणते, "तोवर एका जागी टिकलास तर." ती मला भिंगरी म्हणते. दहा वर्षांत सात कामं सोडली, तिचा तरी काय दोष.

आज पहिला धडा झाला. उजेडाकडे पाठ केलेल्या माणसाचं तोंड काळं येतं, कारण कॅमेरा मागच्या उजेडाला भुलतो. दुपारी आईला व्हिडिओ कॉल केला आणि लगेच शहाणपण पाजळलं. ती कॉटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. थोडी उतरलेली वाटली, पण छान दिसत होती. मी म्हणालो, "बघ, आत्ता बरोबर बसलीस. खिडकीकडे पाठ केलीस ना, तर तोंड काळंठिक्कर."

"काहीच कळत नाही?"

"काही म्हणजे काही नाही. नाक नाही, डोळे नाहीत. नुसती सावली बोलतेय असं वाटेल."

तिने एक भुवई उचलली. आईच्या भुवया जाड आहेत, लहानपणी ती न बोलता नुसती भुवई उचलून आम्हाला जागेवर बसवायची. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

एवढं लक्ष देऊन माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

मी जुन्या बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्यात तीन गोष्टी फिरवायच्या असतात. काकांनी तीनदा सांगितल्या, तिन्ही वेळा डोक्यावरून गेल्या. मग मशीनपाशी उभा राहिलो आणि एकदम उमगलं. पाणी किती सोडायचं, किती वेळ फिरवायचं, पावडर किती टाकायची. तसंच हे. भोक म्हणजे पाण्याचा नळ, जितका मोठा तितका उजेड आत. शटर म्हणजे किती वेळ. आणि तिसरी ती आयएसओ, ती पावडर. जास्त टाकली की घाणेरडा कपडाही निघतो, पण हाताला खरखर लागते. फोटोतही तशीच खरखर येते, वाळू सांडल्यासारखी.

काकांना सांगितलं. ते जिन्यात थांबले, चष्मा पुसला. "चाळीस वर्षं करतोय, पण मला हे असं धुऊन कुणी सांगितलं नव्हतं," म्हणाले.

दिवसभर हवेत चालल्यासारखं वाटलं. वाफेत सकाळचा उजेड शिरतो तेव्हा झरोक्यापासून जमिनीपर्यंत तीन तिरपे खांब उभे राहतात. त्यातून चादर नेली की क्षणभर ती पेटते आणि पलीकडे गेली की विझते. दोन वर्षं इथे आहे, हे खांब मी पाहिलेच नव्हते.

११ फेब्रुवारी, रविवार

आई आज चक्क खिडकीकडे पाठ करून बसली होती. नुसती सावली.

"अगं, मी काय सांगितलं होतं?"

"इकडून पाठीला ऊन लागतं. बरं वाटतं."

"मग तोंड कसं दिसणार?"

"माझं तोंड काय तू पाहिलं नाहीस? तू तुझं दाखव. दाढी वाढवलीस का? की धुतलीच नाहीस?"

ताई फोन धरून होती. ती महिनाभर आईकडेच आहे. विचारलं तर म्हणते, हवापालट. दाजींशी बिनसलं असणार. मी खोलात गेलो नाही, नवरा-बायकोत आपण कशाला पडा.

१५ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा खऱ्या माणसाचा फोटो. रोलरवरच्या बाईंना सगळे इस्त्रीबाई म्हणतात. त्यांना दोरीवरच्या पांढऱ्या चादरीपुढे उभं केलं. मला वाटलं, पांढरं मागे म्हणजे परीसारख्या येतील. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या काट्याने सांगितलं बरोबर आहे, मी दाबलं.

चादर आली राखाडी, आणि बाई आल्या कोळशाच्या गोणीतून काढल्यासारख्या.

त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेला पाठव हा. तिला आवडेल."

काकांना दाखवलं तर म्हणाले, "काट्याचा दोष नाही. त्याला जग मुळात राखाडीच वाटतं. पांढरं दिसलं की समजतो फार उजेड झाला, आणि सगळंच दाबून टाकतो. तू चादरी ओळखतोस ना? कुठली किती पांढरी?"

ते मला येतं. नवी पांढरी निळसर असते, पन्नास धुण्यांनंतरची दुधाळ, दोनशेनंतरची दातांसारखी. डोळे मिटून हाताने सांगेन.

"मग काट्याचं कशाला ऐकतोस? तो सांगतो त्यापेक्षा दीड घर उजेड वाढव."

वाढवला. चादर पांढरी झाली आणि इस्त्रीबाईंच्या गालावरची वाफेची लाली दिसली. त्या बराच वेळ स्वतःकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुनेला नको पाठवू. मला दे."

१९ फेब्रुवारी

चौथ्या मजल्यावरच्या एका वॉर्डातल्या उशांचे अभ्रे आधी झटकून घ्यावे लागतात. केस निघतात त्यांना. लांब, आखूड, काळे, पांढरे. मशीनच्या जाळीत अडकतात म्हणून मुकादम ओरडतो. मी झरोक्याखाली उभा राहून झटकतो. केस उजेडाच्या खांबात तरंगतात आणि खाली यायला फार वेळ घेतात. शटर किती ठेवलं तर एक केस हवेत थांबेल, याचा मी आज हिशेब करत होतो. मुकादम म्हणाला, "बघत काय बसलास, सोनं उडतंय का?"

२५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा सावली. आज डोक्याला रुमालही होता, कडेने कळत होता.

"ऐन उन्हात रुमाल?"

"कान दुखतोय."

बोलतानाही अडखळत होती. ताई म्हणाली, चहाने जीभ पोळली. आईने विषय बदलला. स्टुडिओत खुर्ची कुठली ठेवणार, पडदा कुठल्या रंगाचा. मी तासभर बोललो. पुढच्या खोलीला ती एकच खिडकी, पण उजेड कसला मऊ. अडचण एकच, समोरच्या गोदामाचा ट्रक. तो खिडकीसमोर लागला की खोलीत एकदम संध्याकाळ होते, लहानपणापासून बघतोय. म्हणालो, "ट्रकवाल्याला सांगावं लागेल, चार हात पुढे लाव बाबा."

"सांगू की," सावली म्हणाली. "तू शीक. मी सांगते त्याला."

बोलता बोलता आपलं दुकान मला दिसायलाच लागलं. भिंतभर चेहरे, सगळे शांत, सगळ्यांच्या गालावर एकाच खिडकीचा उजेड. कॉल संपला तरी मी तिथेच होतो. घोऱ्याने, म्हणजे माझ्या खोलीतल्या सोबत्याने, हलवून विचारलं, "कुठे गेलास?" हा माणूस दिवसाही घोरतो, आणि मला विचारतोय.

६ मार्च

सगळे फोटो हललेले. घोऱ्या हलला, त्याची खाट हलली, भिंतही हलली.

काका म्हणाले, "भिंत हलत नाही. तू हलतोस."

उजेड कमी असेल तर शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ माणसाला हातपाय बांधल्यासारखं उभं राहता आलं पाहिजे. मला येत नाही. काकांनी कोपर छातीला चिकटवायला लावलं, पाठ भिंतीला. "एक्स-रेच्या वेळी मी पेशंटला सांगतो, श्वास धरा. फोटोत उलटं. श्वास सोड. पूर्ण सुटला की पुढचा घ्यायच्या आधी एक मोकळी जागा असते. तिथे दाब."

ती जागा दिवसभर शोधत होतो. घाई करणाऱ्याला सापडत नाही.

१२ मार्च

मुकादमाने कागद दिला. आणखी सहा महिने राहणार का, महिनाअखेर कळव. काकांनाही विचारलं. म्हणाले, माणसांच्या फोटोंचं अजून तुला अर्धंच आलंय, राहिलास तर सप्टेंबरपर्यंत तयार करतो. मग गेलास तर दुकान चालेल, आत्ता गेलास तर चालेलच असं नाही.

इतकी वर्षं निघायची घाई असायची. आता पहिल्यांदा राहावंसं वाटतंय, तर घरून निघ म्हणतील की काय अशी भीती.

१७ मार्च, रविवार

घाबरलो होतो ते उगीच. आईला सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "राहा की. अर्धवट शिकून येऊ नकोस. भिंगरी थांबतेय म्हणते, मी कशाला फिरवू?"

"पण तुझा फोटो?"

"मी कुठे पळून चाललेय?"

फोन हलला. म्हणजे ताईचा हात हलला. मी गमतीत म्हणालो, "ताई, श्वास सोड, मग धर."  ती एवढंच म्हणाली, "तुला जसं वाटेल तसं कर." तिचा असा गुळमुळीत आवाज मी कधी ऐकला नाही. एरवी माझ्या प्रत्येक बेताला तिचे दहा फाटे असतात.

कागद भरून ठेवलाय. पंचवीसला, सोमवारी देईन.

२० मार्च

काकांनी आज मला एक्स-रेच्या खोलीत नेलं. हाताचा एक फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. हाडं दुधासारखी, बोटांच्या कडेने मांस धुरासारखं. म्हणाले, "हाडं पाहिजे असतील तर कातडी सोडावी लागते. कातडी पाहिजे असेल तर हाडं. सगळं एकदम मिळत नाही. तुझी ती खिडकीतली आई. तिचा फोटो तसाच काढायचा असेल तर काय करशील?"

"तिला फिरवीन."

"नाही फिरली तर?"

काकांनी पाटीचा दिवा बंद केला.

"चेहऱ्याचा उजेड मोज. खिडकी जळू दे. पांढरीफट होऊ दे. माणूस पाहिजे की खिडकी, एवढंच ठरवायचं असतं."

२४ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारचा कॉल. आई खिडकीकडे पाठ करून. ताई फोन कशाला तरी टेकवून आत गेली होती. आई विचारत होती, सहा महिन्यांत जाड कपडे लागतील का, पाठवू का. मी म्हणालो नको. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. ओळखीचा. गोदामाचा ट्रक मागे येत होता.

खिडकी विझली.

फोनला आधी काही सुचलं नाही, सगळंच काळं झालं. मग त्याने आपण होऊन डोळा मोठा केला. मी सात आठवडे हेच शिकतोय, तरी बघत राहिलो. अंधारातून आधी रुमाल वर आला, निळा. मग कपाळ. मग गाल, किंवा गाल असायचे ती जागा. आई बोलतच होती. तिला कळलं नव्हतं. ती म्हणत होती, तुझा तो जुना स्वेटर अजून आहे.

तिला भुवया नव्हत्या.

मी मोजलं नाही, पण चार सेकंद असतील. ट्रक पुढे सरकला, खिडकी भडकली, आणि आई परत सावली झाली.

"ऐकतोयस ना?" म्हणाली.

"ऐकतोय."

"मग पाठवू का?"

"नको. आई, तुझा कान कसा आहे?"

"उतरला."

मी बरं म्हणालो. कॉल ठेवला. घोऱ्या जागा होता, त्याने चहा करून आणला.

चौथ्या मजल्यावरचे अभ्रे मी रोज झटकतो. रोज.

२५ मार्च, सोमवार

सकाळी ताईला एकटीला फोन केला. "किती दिवस झाले?" एवढंच विचारलं. ती आधी रडली, मग रागावली, मग सगळं सांगितलं. जानेवारीत गाठ कळली. औषध शिरेतून देतात, सहा वेळा, पाच वेळा देऊन झालंय. दाजी स्वतः सोडायला-आणायला येतात. आणि मी त्यांचं बिनसलं म्हणून बसलो होतो. "तिने शपथ घातली होती," ताई म्हणाली. "म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसून काही शिकतोय, त्याला उठवू नका."

कागद दिला नाही. काकांकडे गेलो. ते पाटीसमोर होते. मी म्हणालो, "काका, खिडकी जळू दिली नाही. आपणच विझली."

त्यांना सगळं सांगितलं. मी विचारलं, चौथ्या मजल्यावरच्या त्या वॉर्डातल्या लोकांचं पुढे काय होतं. ते म्हणाले, "खोटं सांगत नाही, सगळे बरे होत नाहीत. पण पुष्कळ जण चालत घरी जातात. तू त्यांच्या फक्त चादरी बघतोस, म्हणून तुला वाटतं सगळे इथेच संपतात. झरोक्यातून पाय बघतोस ना? त्यातले काही त्यांचेच असतात."

मग म्हणाले, "निघ. राहिलेलं अर्धं तिथे शीक."

खाली येऊन दिवसभर झरोक्यातले पाय बघत काम केलं. मुकादम ओरडला नाही.

१ एप्रिल

गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय. काल इस्त्रीबाईंनी दुधाळ पांढरी, मऊ झालेली एक फाटकी चादर बांधून दिली. म्हणाल्या, फोटोच्या मागे लावायला, किंवा कशालाही.

खिडकीबाहेर शेतं, विजेच्या तारा, पुन्हा शेतं. सगळं पळतंय. मी मात्र कधी नव्हे तो जागेवर बसलोय.

२ एप्रिल

दार ताईने उघडलं. आई कॉटवर होती, रुमाल नव्हता. तिला वाटलं दूधवाला आला. मला पाहिलं आणि हात आधी डोक्याकडे गेला, मग तिने तो खाली घेतला.

"कागद भरला होतास ना?" म्हणाली.

"भरला. दिला नाही."

"म्हणजे आठवं काम सोडलंस."

"सोडलं."

ती भिंतीकडे तोंड करून पडली. रागावली की रडत होती ते कळलं नाही. मी जवळ बसलो. थोड्या वेळाने मी म्हणालो, "उजेडाचं तुला कुणी शिकवलं ग? बरोब्बर खिडकीच्या मधोमध बसायचीस. मला अजून तसं जमत नाही."

ती तशीच, भिंतीकडे बघत म्हणाली, "तूच की. काहीच कळत नाही म्हणालास. सुचत नव्हतं म्हणून मी दोन रात्री जागी होते, केस गेल्यावर तुला कसं तोंड दाखवायचं. आणि तू आपण होऊन सांगितलंस. म्हटलं, देवासारखा धावून आला पोरगा."

ताई आतून हसली. मग आईही. मला हसू यायला वेळ लागला.

५ एप्रिल

काल सहावं औषध झालं. दवाखान्यात बाहेर बसलो होतो. आज आई दिवसभर झोपून. झोपेत तिच्या तोंडावर खिडकीचा उजेड सरकत गेला, गालावरून हनुवटीवर, मग उशीवर. कॅमेरा जवळ होता. हात लावला नाही.

१४ एप्रिल, रविवार

उजेड: पुढच्या खोलीची खिडकी, सकाळचे दहा. मागे इस्त्रीबाईंची चादर. ट्रकवाल्याला ताईने आधीच दटावून चार हात पुढे लावायला लावला होता.

आई आधी नाहीच म्हणाली. "केस येऊ देत. मग काढ. भिंतीवर हे असं लावलंस तर गिऱ्हाईक दारातून पळेल."

मी म्हणालो, "मग सावलीचा काढू? सवय आहे तुला. बस खिडकीकडे पाठ करून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची स्वतःच फिरवली, खिडकीकडे. घाम आला तिला तेवढ्यानेही. रुमालाची गाठ सोडून तो मांडीवर घडी घालून ठेवला.

भोक: सगळं उघडं. वेळ: लांबच, कारण पावडर जास्त टाकायची नव्हती, मला तिच्या तोंडावर वाळू नको होती. काटा म्हणाला बरोबर आहे. मी दीड घर वाढवलं. पाठ भिंतीला लावली, कोपर छातीला.

तेव्हा ती म्हणाली, "हलू नकोस हं, भिंगरी."

हे मी तिला सांगायचं असतं. मी श्वास सोडला. ती मोकळी जागा आली, आणि मी तिथे थांबलो.

काय बिघडलं: चादर कडेला जळालीय, पांढरीफट. असू दे.

ताई म्हणते, फोटोत आई आपल्याला रागावतेय. मी मोठा करून पाहिला. भुवई नाहीये. पण उचललेली दिसते.